अर्धा गुण

फळ्यावर होतं: वजन ५८६.५ न्यूटन. वस्तुमान काढा.
इतुर्राल्दे मास्तर खडूचे हात कोटाला पुसत म्हणाले,
भागा नऊ दशांश आठने. पाच मिनिटं.

एल आल्तोची रात्रशाळा, समुद्रापासून चार हजारांवर मीटर वर.
बाकांवर सगळे दिवसभर काही ना काही उचलून आलेले:
सिमेंट, गॅसच्या टाक्या, दुसऱ्यांची मुलं.
मी इलारियो चुकिमिया, वय बावन्न,
बाजारातले काटे दुरुस्त करतो.
नखांत तेल, म्हणून वहीवरही तेल.

मी भागलं ९.७७५ ने.
उत्तर आलं साठ.
शेपूट नसलेलं, स्वच्छ साठ.

पुस्तकात मागच्या पानावर ५९.८५.
मास्तरांनी लाल शाईत अर्धा गुण दिला,
शेजारी एक प्रश्नचिन्ह.

आता मास्तरांना कसं सांगू,
की हा आकडा मला हुस्तिना कोपाने दिला,
जिला भागाकार येत नाही.

गुरुवारी ती चुन्यो घेऊन आली होती,
दहिवरात गोठवलेले, पायांनी तुडवलेले,
उन्हात काळे पडलेले बटाटे.
गावच्या दोन पारड्यांच्या तराजूत पोतं भरलं पन्नास किलो,
आणि इथे दोन वेन्सेस्लाओच्या नव्या स्प्रिंगकाट्यावर
एकोणपन्नास किलो आठशे.
माप मारतेस, तो म्हणाला, चारचौघांत.
तिने टोपी काढून पुन्हा घातली. बोलली नाही.
मग काटा माझ्याकडे आला, आणि मागोमाग ती.

मी आधी रिकाम्या पारड्यांचा धडा केला,
मग सातवा धडा उघडला.
वडिलांची पितळी वजनं, पाच-पाच किलोंची दहा,
नव्या काट्याला टांगली:
एकोणपन्नास आठशे.
पितळ तर खोटं बोलत नाही. काटाही बोलत नव्हता.
त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं,
हाम्बुर्ग, ९.८१४.
तिथे तो जन्मला, तिथल्या ओढीची त्याला सवय,
आणि आम्ही त्याला ढगांच्या वर आणून टांगलेला.

तीन संध्याकाळी गुणाकार.
स्प्रिंग मोजते ती ओढ.
जुना तराजू फक्त विचारतो, तू आणि हे पितळ, सारखे का?
आणि पृथ्वी दोन्ही पारड्यांना
एकाच हाताने खाली ओढते,
म्हणून तिथे भांडण होत नाही.

हुस्तिनाला हे सांगितलं. तिने खिशातला चिकट पाव काढून
अर्धा मला दिला आणि विचारलं,
मग मी डोंगर उतरून समुद्राकाठी गेले
तर जाड होईन?
जाड नाही, म्हटलं, जड.
तू तेवढीच राहशील. जमीन तुला
थोडं जास्त मागेल, इतकंच.
ती म्हणाली, इथली काही कमी मागते का.

मी काट्याचा स्क्रू पाव फेरा पिळला,
दहा पितळी वजनं टांगली, पन्नास आले,
पत्र्यावर खिळ्याने कोरलं ९.७७५
आणि वेन्सेस्लाओला परत दिला.
त्याने मजुरी दिली, माफी मागितली नाही.
त्याच्या जिभेचं स्प्रिंग माझ्या कामात बसत नाही.

मास्तरांकडेही गेलो नाही.
त्यांचं चुकलं नव्हतं,
त्यांचं पुस्तक फक्त कधी इतकं वर चढलं नव्हतं,
अर्ध्या वाटेवर धाप लागून बसलं होतं.
अर्धा गुण वहीत तसाच आहे,
त्यावर माझ्या अंगठ्याचा तेलकट डाग.

पुढच्या गुरुवारी हुस्तिनाने टेबलावर पुरचुंडी ठेवली.
चुन्यो. म्हणाली, दोनशे ग्रॅम, तुझे.
कुठल्या काट्यावर मोजलेस,
हे मी विचारलं नाही.